करार मोडण्याचे शुल्क आणि फोनचे उरलेले हप्ते

अमेरिकेत मोबाइल सेवा मध्येच सोडणाऱ्या ग्राहकाच्या शेवटच्या बिलात जी मोठी रक्कम दिसते, ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी आलेली असू शकते. एक म्हणजे मुदतीपूर्वी करार मोडल्याबद्दलचे शुल्क आणि दुसरी म्हणजे हप्त्यांवर घेतलेल्या फोनची उरलेली किंमत. दोन्ही रकमा एकाच वेळी आणि एकाच कंपनीकडून मागितल्या जात असल्यामुळे ग्राहक दोन्हींना सरसकट दंड म्हणतो. मात्र रक्कम न्याय्य आहे की नाही, हे ठरवण्याची कसोटी दोन्हींना सारखी लागू पडत नाही.

हप्त्यांचे प्रकरण सरळ आहे. फोनची किंमत २४ किंवा ३६ महिन्यांत विभागलेली असते, सहसा त्यावर व्याज नसते आणि सेवा सोडल्यास राहिलेले हप्ते एकदम भरावे लागतात. फोन ग्राहकाकडेच राहतो, त्यामुळे हे साधे देणे झाले. फोनची किंमत फुगवलेली नसेल, तर त्यात अन्याय शोधण्यासारखे काही नाही.

करार मोडण्याचे शुल्क मात्र वेगळ्या युक्तिवादावर उभे होते. दोन वर्षांच्या कराराच्या काळात कंपन्या फोन मूळ किमतीपेक्षा बऱ्याच कमी दरात देत आणि ती तूट मासिक दरांतून भरून काढत. ग्राहक लवकर गेला तर तूट अंगावर पडते, म्हणून शुल्क हवे, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद मला मुळात चुकीचा वाटत नाही. परंतु तो मान्य केला, तर त्याचे परिणामही मान्य करावे लागतात: शुल्क दरमहा कमी होत मुदतीच्या शेवटी शून्यावर यायला हवे, स्वस्त आणि महाग फोनांसाठी ते वेगवेगळे हवे आणि स्वतःचा फोन घेऊन आलेल्या ग्राहकाला ते लागूच व्हायला नको. प्रत्यक्षात कित्येक वर्षे १५० ते २०० डॉलरचे एकच ठरावीक शुल्क होते आणि पहिल्या महिन्यात सोडणाऱ्यालाही तेवढेच, तेविसाव्या महिन्यात सोडणाऱ्यालाही तेवढेच द्यावे लागे.

व्हेरायझन या मोबाइल कंपनीने २००६ च्या अखेरीस आपले १७५ डॉलरचे शुल्क दरमहा ५ डॉलरने घटवायला सुरुवात केली, ही सुधारणाच होती. पण नोव्हेंबर २००९ मध्ये तिनेच स्मार्टफोनसाठी हा आकडा ३५० डॉलर केला आणि घट ठेवली दरमहा १० डॉलरची. म्हणजे २३ महिने इमानाने बिले भरून शेवटच्या महिन्यात बाहेर पडणाऱ्यालाही १२० डॉलर लागत. अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने विचारणा केली, तेव्हा हे शुल्क केवळ फोनवरील सवलतीपुरते नसून जाहिरात, विक्री कमिशन आणि नेटवर्क यांच्या खर्चाशीही निगडित आहे, असे उत्तर कंपनीने दिले. या उत्तराने तूट भरून काढण्याचा मूळ युक्तिवादच पातळ झाला, कारण जाहिरात आणि नेटवर्क हे व्यवसाय चालवण्याचे नित्याचे खर्च आहेत. एका ग्राहकाच्या जाण्याने ते निर्माण होत नाहीत.

कायद्याने हा फरक सर्वांत स्पष्टपणे मांडला तो कॅलिफोर्नियात. तेथील नागरी संहितेच्या कलम १६७१ नुसार, ग्राहकाबरोबरच्या करारात नुकसानभरपाईची रक्कम आधीच ठरवून ठेवणे, प्रत्यक्ष नुकसान मोजणे अव्यवहार्य किंवा अत्यंत कठीण असेल तेव्हाच वैध ठरते. स्प्रिंट या मोबाइल कंपनीविरुद्धच्या सामूहिक खटल्यात, ग्राहकाला करार पाळण्याचा किंवा शुल्क भरून बाहेर पडण्याचा असे दोन पर्याय दिलेले आहेत, म्हणून ही भरपाई नव्हे, असा बचाव कंपनीने केला. तो न्यायालयाने फेटाळला. शुल्क ठरवताना कंपनीने आपल्या संभाव्य नुकसानाचा वाजवी अंदाज बांधलाच नव्हता आणि ग्राहकांची गळती रोखणे हाच तिचा हेतू होता, हे पुराव्यातून दिसून आले. विशेष म्हणजे, कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान वसूल झालेल्या शुल्काहून मोठे असल्याचा निष्कर्ष ज्यूरीने काढूनही करारातील शुल्काचे कलम अवैधच ठरले आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानेही ते अवैधच मानले. आकडा योगायोगाने नुकसानाच्या जवळपास असणे पुरेसे नाही, तो नुकसानाचा विचार करून काढलेला असला पाहिजे, असा याचा अर्थ होतो.

मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने वार्षिक सेवाकरार बंद करून फोनची किंमत आणि सेवेचे दर वेगळे केले, पुढे इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या आणि शुल्काची जागा हप्त्यांनी घेतली. वाद इथे मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण हप्त्यांना लवकरच ‘फुकट फोन’ची योजना जोडली गेली. समजा, फोनची किंमत ७९२ डॉलर आहे आणि ३६ महिन्यांसाठी दरमहा २२ डॉलरचा हप्ता आहे. कंपनी दरमहा तेवढेच २२ डॉलर बिलातून वजा करते. ग्राहकाला फोन फुकट मिळाल्यासारखे वाटते. पण एका वर्षाने त्याने कंपनी बदलली, तर वजावट थांबते, हप्ते मात्र उभेच राहतात आणि ५२८ डॉलर एकदम भरावे लागतात.

ही रक्कम कागदोपत्री देणे आहे, परिणामाने मात्र करार मोडण्याचेच शुल्क आहे. जुन्या शुल्कापेक्षा तिची घडण अधिक न्याय्य आहे, हे कबूल करायला हवे: ती दरमहा समान घटते, अखेरीस शून्य होते आणि फोनच्या किमतीशी बांधलेली आहे. माझा आक्षेप तिच्या सांगण्यावर आहे. जुने शुल्क करारात स्वतःच्या नावाने लिहिलेले असे, तर ‘फुकट’ या मोठ्या अक्षरांखालची ही अट ग्राहकाला बहुधा सोडून जाण्याच्या दिवशीच खऱ्या अर्थाने उमगते. शिवाय नुकसानभरपाईच्या कलमाला लागणारी कसोटी ठरलेल्या किमतीच्या उरलेल्या हप्त्यांना लावणे अवघड आहे. त्यामुळे ज्या तत्त्वावर २०० डॉलरचे शुल्क रद्द झाले, त्याच तत्त्वावर ५२८ डॉलरच्या या रकमेला आव्हान देणाऱ्या ग्राहकाला आधी ती रक्कम मुळात शुल्कच आहे, हे सिद्ध करावे लागेल.