हेडलाइटचे रंगकाम

मोटारीच्या हेडलाइटमधील शोभेच्या भागांना रंग देऊन दिव्याचे रूप बदलण्याचे काम. हौशी मंडळी याला ‘हेडलाइट काळे करणे’ म्हणतात, कारण मूळची चंदेरी चौकट बहुतेक वेळा मॅट किंवा तुकतुकीत काळी केली जाते. क्वचित ती बॉडीच्या रंगाचीही करतात. काचेवर बाहेरून टिंट स्प्रे मारण्यालाही हेच नाव चालते, पण ते काम निराळे आणि त्याचे परिणामही निराळे (पुढे पहा).

रचना : बाहेरचे पारदर्शक झाकण, ज्याला सगळे काच म्हणतात, हल्ली पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचे असते व त्यावर अतिनील किरण अडवणारा कडक लेप असतो. मागचे काळे घर बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे. दोघांच्या सांध्यात बुटाइल हा चिकट काळा रबरी लगदा भरलेला असतो. आत बल्बभोवतीचा रिफ्लेक्टर (प्रकाश परावर्तित करणारी वाटी) किंवा प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारी रचना), आणि त्यांच्या पुढची शोभेची चौकट म्हणजे बेझल.

रंग द्यायचा तो फक्त बेझलला. अडचण अशी की अनेक हॅचबॅक गाड्यांत रिफ्लेक्टर आणि बेझल दोन्ही सारखेच चकचकीत असतात. बल्बच्या भोकाभोवती वाटीसारखा वळलेला किंवा पैलू पाडलेला जो भाग आहे तो रिफ्लेक्टर. इंडिकेटरच्या बल्बमागची वाटीही त्यातच आली. यांपैकी कशावरही रंगाचा शिंतोडा पडला तर तेवढा प्रकाश गेला. रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा थर, जाडी एका मायक्रॉनहून कमी. फडक्याने पुसला तरी ओरखडे पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. काही स्वस्त दिव्यांत वेगळे बेझल नसतेच, सगळा साचा एकसंध रिफ्लेक्टर असतो. अशा दिव्यात रंगवण्याजोगे काही नाही. तो उघडूच नये.

उघडण्यापूर्वी सांधा तपासणे आवश्यक असते. खोबणीतला लगदा नखाने दाबल्यावर दबला तर बुटाइल आहे. दगडासारखा कडक लागला तर पॉलियुरेथेन किंवा तत्सम कायमचा चिकटा आहे. तो उष्णतेने सैल होत नाही, कापून काढावा लागतो, आणि त्यात काचेची कड हमखास तुटते. पूर्ण एलईडी दिव्यांच्या किमती पाहता घरगुती प्रयोगासाठी ते योग्य नाहीत.

दिवा उघडणे : बॅटरीची ऋण तार काढून बहुतेक गाड्यांत पुढचा बंपर उतरवावा लागतो. त्याआधी सपाट जागी गाडी भिंतीसमोर उभी करून डिप्परच्या (खालच्या, जवळच्या झोताच्या) प्रकाशाची वरची कड मास्किंग टेपने भिंतीवर खुणावून ठेवतात. या खुणेचा उपयोग अगदी शेवटी होतो, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जण गाळतात. दिव्यातून बल्ब, मागची रबरी टोपी आणि लेव्हलिंगची (झोत वरखाली करणारी) मोटर काढावी. सांध्याभोवतीचे स्क्रू आणि धातूच्या क्लिपाही काढाव्यात. एक स्क्रू राहिला तर घर तडकते.

बुटाइल सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते. भट्टी तेवढी तापवून, दिवा लाकडी फळीवर ठेवून, धातूला कुठेही न टेकवता दहा मिनिटे आत ठेवावा. १२० अंशांपुढे पॉलिप्रॉपिलीनचे घर वाकू लागते. स्वयंपाकाची भट्टी वापरू नये, आणि घरगुती ओटीजीत आजकालचे लांबट दिवे मावतही नाहीत. म्हणून हीट गन सोयीची पडते : नळी सांध्यापासून दहा सेंटिमीटर दूर, सतत हलती, एका वेळी वीतभर लांबी. एका जागी थांबलेली हीट गन काचेत बुडबुडे आणते. मऊ झाल्यावर कोपऱ्यातून चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून कुलपी खाचा एकेक सोडवीत काच वेगळी करावी. बुटाइल तारेसारखे ताणले जाते; काच ओढताना ते रिफ्लेक्टरवर लोंबू देऊ नये. जोर लावावा लागत असेल तर दिवा गार झाला आहे, पुन्हा तापवावा. खाचा तुटतात त्या थंड दिव्याशी झटापट केल्यानेच.

बेझल दोन-चार स्क्रूंनी बसवलेले असते. ते निघाले की उरलेला दिवा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा. काचेची आतली बाजू हाताळू नये : तिथे कडक लेप सहसा नसतो आणि बोटांचे ठसे पुढे दिवा लागला की उठून दिसतात.

रंग देणे : चंदेरी थर गुळगुळीत असल्याने त्यावर थेट मारलेला रंग पापुद्र्याने निघतो. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून सगळी चमक जाईपर्यंत घासावे. कोपऱ्यांत आणि बारीक रेघांत करडा स्कॉचब्राइट चालतो. धुऊन, वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा एनसी थिनर मात्र दूर ठेवावा. बेझल पॉलिकार्बोनेटचे असेल तर थिनरने ते दुधाळ होते आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात; काचेवर एक थेंब उडाला तरी तीच गत. अल्कोहोल सुकल्यावर प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ हात, मग ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात. कॅन २० ते २५ सेंटिमीटर दूर असावा, दोन हातांत दहा-पंधरा मिनिटे जावी लागतात. ४०० मिलिलिटरचा एक कॅन जोडीला पुरून उरतो.

दिवा तापतो म्हणून सायलेन्सरला लावायचा ‘हीटप्रूफ’ रंग घ्यावा, असा समज सर्रास आहे. तो उलटा पडतो. त्या सिलिकोनयुक्त रंगांना पक्के होण्यासाठी सुमारे २०० अंशांची उष्णता लागते, जी प्लास्टिकला देता येत नाही. परिणामी तो वरून वाळलेला दिसला तरी आतून कच्चा राहतो. चांगला ॲक्रिलिक रंग बेझलच्या तापमानाला पुरतो. मॅट काळ्यावर दिसत नाहीत असे घासण्याचे दोष तुकतुकीत काळ्यावर लगेच डोळ्यांत भरतात. पहिल्यांदा करणाऱ्याने मॅटच निवडावा.

या कामात सर्वांत जास्त नुकसान घाईने होते. रंगातली द्रावके हाताला कोरडे लागल्यानंतरही कितीतरी काळ सुटत राहतात. बंद दिव्यात बल्बच्या उष्णतेने ती बाहेर पडून काचेच्या आतून धुरकट थर धरतात, आणि तो पुसायला दिवा पुन्हा उघडावा लागतो. म्हणून २४ तासांनंतर बेझल ५० ते ६० अंशांत दोन-तीन तास भाजावे, किंवा कोरड्या हवेशीर खोलीत आठवडाभर ठेवावे. वास पूर्ण गेल्याशिवाय दिवा बंद करू नये. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलेच बरे : दमट हवेत ताज्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि आत कोंडलेली वाफ पुढे काचेवर जमते.

बंद करणे : जुने बुटाइल खोबणीतून पूर्ण काढून नवी पट्टी घालावी. साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीची पट्टी वापरतात, जोडीला चार-साडेचार मीटर लागते. टोके एकमेकांवर दोन सेंटिमीटर चढवावीत, कारण गळती बहुधा तिथेच होते. बुटाइलऐवजी सिलिकोन भरू नये. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकोनमधून सुटणारे ॲसिटिक आम्ल रिफ्लेक्टरचा ॲल्युमिनियम थर खाते, शिवाय दिवा नंतर उघडता येत नाही. काच बसवून पुन्हा १०० अंशांत आठ-दहा मिनिटे तापवावे, कडेने शिकंजे लावून दाबावे, स्क्रू व क्लिपा बसवाव्यात आणि गार होईपर्यंत हलवू नये.

हवेची भोके किंवा त्यांवरचे, हवा जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याचे ठिपके चिकट्याने बुजवू नयेत. दिवा तापताना-निवताना हवा तिथून ये-जा करते. ती बंद झाली की दिवा सांध्यातून ओलसर हवा ओढतो. पाइपने दहा मिनिटे पाणी मारून पाहावे. सकाळी आलेले फिकट धुके दिवा लावल्यावर अर्ध्या तासात गेले तर चिंता नाही. थेंब दिसले किंवा तळाशी पाणी साचले तर सांधा गळतो आहे.

काचेवरील टिंट : बाहेरून मारलेला धुरकट स्प्रे स्वस्त आणि झटपट असतो. तो प्रकाश नुसता कमी करत नाही, विखुरतोही; डिप्परची कड पुसट होते, त्यामुळे चालकाला कमी दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र उजेड जातो. पावसात तर रस्ता दिसतच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. बेझल रंगवल्याने प्रकाश बदलत नाही, तरी दिवा उघडला की त्यावरची हमी सहसा संपते.

पूर्वपीठिका : दिव्यांवर रंग चढला तो आधी शोभेसाठी नव्हे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटच्या काळात भारतात हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करत. पुढे डोळे दिपू नयेत म्हणून काचेवर काळा पट्टा किंवा ठिपका लावण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. एच४ बल्बच्या (अप्पर आणि डिप्पर अशा दोन्ही तारा असलेल्या बल्बच्या) बाबतीत या पट्ट्याचा उपयोग संशयास्पदच म्हटला पाहिजे. त्या बल्बमधील डिप्परच्या तारेखाली धातूची वाटी असते, त्यामुळे डिप्परचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरूनच, म्हणजे मुख्यतः काचेच्या वरच्या भागातून, रस्त्यावर पडतो. पट्टा नेमका तोच अडवी आणि अप्परचा अर्धा झोत मोकळा सोडी. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत पिवळा प्रकाश सक्तीचा होता. तिकडे जाणारे परदेशी चालक दिव्यांना पिवळे लाखरोगण लावून घेत.

झोताची जुळणी : दिवे परत बसवल्यावर गाडी पूर्वीच्याच जागी, तेवढ्याच हवेच्या दाबाने आणि वजनाने उभी करून प्रकाशाची कड टेपच्या खुणेशी जुळवतात. खूण केलीच नसेल तर दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून, १० मीटरवरच्या भिंतीवर डिप्परची कड त्या उंचीच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली आणावी. आपल्याकडे डावीकडून वाहतूक असल्याने ती कड डाव्या बाजूला वर चढलेली असणे योग्य आहे. उजवीकडे चढलेली दिसली तर दिवा उजव्या बाजूच्या वाहतुकीच्या देशासाठी बनवलेला, आयात केलेला आहे.