कॉलेजचे जुने फोटो आमच्याकडे आणताना

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

सुवर्णमहोत्सव जवळ आला की कॉलेजच्या ऑफिसातलं एखादं कपाट उघडतं आणि फोटोंची पिशवी बाहेर येते. मग नौपाड्यातल्या आमच्या छोट्या दुकानात फोन येतो, "एवढे स्कॅन करून द्या, प्रदर्शन लावायचंय." स्कॅन आम्ही करून देऊच. पण आधी एक विनंती : फोटोंसोबत नावं सांगू शकणारी माणसंही शोधायला घ्या. फोटो अजून वीस वर्षं टिकेल, ती माणसं तोवर असतीलच असं नाही.

ठाण्यात जोशी-बेडेकर महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झालं, बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ मध्ये. त्या काळच्या पहिल्या तुकड्यांमधली मुलं आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत, आणि त्यांना शिकवणारे त्यांच्याहून मोठे. घाई आहे ती इथे.

फोटो हाताळताना

पुष्कळांना वाटतं, सगळ्यात जुना फोटो सगळ्यात नाजूक. अनुभव उलटा आहे. साठच्या दशकातला कृष्णधवल फोटो छापताना डार्करूममध्ये नीट धुतलेला असेल तर आजही ठणठणीत असतो. फार तर कडेला चांदीसारखी निळसर झाक येते. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र लालसर पडलेले असतात, कारण त्यातले निळे-हिरवे रंग आधी उडतात. म्हणून स्कॅनिंगची सुरुवात रंगीत फोटोंपासून करा, असं आम्ही सांगतो. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करून सगळ्यात आधी आमच्याकडे पोहोचवा. ती फिल्म कुजू लागलेली असते आणि तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो घरी किंवा ऑफिसात ओढून काढू नका. आमच्याच हातून एकदा स्नेहसंमेलनाचा एक फोटो असा फाटला, त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून आम्ही आधी अख्खं पान अल्बममध्येच स्कॅन करतो आणि मग दातांमधून फिरवायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवतो. तरीही सुटला नाही, तर तो तिथेच राहू देतो.

फोटोच्या मागे पेनने काही लिहू नका. पण मागे आधीच काही लिहिलेलं असेल तर ते सोनं समजा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली तारीख, "सहल, दुसरं वर्ष" एवढंच का असेना, आम्ही प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ग्रुप फोटो

पुठ्ठ्यावर चिकटवलेला बारा बाय दहा इंचांचा ग्रुप फोटो आम्ही ६०० डीपीआयवर, म्हणजे प्रत्येक इंचाला ६०० बिंदू घेऊन, स्कॅन करतो. एकूण सुमारे ४ कोटी ३२ लाख बिंदू, आणि मूळ टिफ फाइल (दर्जा न घटवता साठवलेलं चित्र) जवळजवळ १३० एमबीची. एवढी मोठी कशाला, असं विचारलं जातं. अशा फोटोत चेहरा जेमतेम नखाएवढा असतो. मोठा करून पाहिला तरच ओळख पटते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तेच डोळे नुसते ठिपके होतात.

खाली छापलेलं असतं, "बसलेले, डावीकडून", मग "उभे, पहिली ओळ", "उभे, दुसरी ओळ". आता फोटोची दोन्ही टोकं बघा. पांढरी टोपी, हात शरीराला चिकटवून उभा असलेला एक माणूस. खालच्या यादीत त्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. माजी विद्यार्थ्यांना विचारलं की चेहरा फुलतो : "अहो, हे आमच्या केमिस्ट्री लॅबचे मामा!" पण मामांचं नाव? ते कुणालाच आठवत नाही. अशा वेळी ऑफिसातलं जुनं पगारपत्रक काढा, तिथे पूर्ण नाव सापडतं. प्राचार्यांचं नाव पाटीवर असतं, अहवालात असतं. मामांचं फक्त तिथे. आमच्या मते प्रदर्शनातला सगळ्यात मोलाचा मजकूर हाच.

साल ठरवताना

तारीख नसली तरी फोटो बोलतो. मागे उभ्या स्कूटरच्या पाटीवर एमएच-०४ (ठाण्याचा नव्या पद्धतीचा गाडी-क्रमांक) दिसलं तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. फलकावर "ज्युनिअर कॉलेज" असेल तर १९७५ किंवा त्यानंतरचा, कारण अकरावी-बारावी कॉलेजात तेव्हा आली. त्याआधी मॅट्रिक अकरावीला होती. इंग्रजी फलकावर "युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे" असेल तर साधारण १९९६ पर्यंतचा. आम्ही नोंदीत "अंदाजे" असं स्पष्ट लिहितो. अंदाजाचं साल पक्कं म्हणून एकदा छापलं, की पुढे कुणी ते तपासत नाही.

लोकांपुढे ठेवताना

ग्रुप फोटोशेजारी त्याची नुसती बाह्यरेषा काढलेला, प्रत्येक डोक्यावर आकडा टाकलेला कागद लावा आणि दोरीला पेन्सिल बांधा. आलेले लोक आपणहून नावं लिहितात. नाव कुणी सांगितलं तेही लिहून घ्या. दोघं दोन वेगळी नावं सांगतात तेव्हा दोन्ही ठेवावी लागतात. एखाद्या ताईंना आपला जुना फोटो लावलेला नको असेल तर कारण न विचारता तो काढा.

कृष्णधवल फोटोत संगणकाने रंग भरून हवे असतील, तर कृपया इतिहासाच्या दालनासाठी मागू नका. त्या साडीचा रंग संगणकाला माहीत नसतो, तो आपल्या मनाने एक भरतो. डाग काढलेली प्रत आम्ही जरूर देतो, पण मूळ स्कॅनला हात न लावता, वेगळ्या नावाने.

हक्काबद्दल (कॉपीराइट) थोडक्यात : कॉलेजने पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉलेजचा. माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोचा हक्क त्याचाच. छापण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या आणि फोटोखाली त्याचं नाव द्या.

काम झालं की टिफ, रोजच्या वापरासाठी जेपेग आणि नोंदींची एक्सेल फाइल मिळेल. त्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक कॉलेजच्या इमारतीबाहेर. मूळ फोटो आम्लरहित कागदी पाकिटात परत देतो. ते प्लास्टिकच्या पिशवीत पुन्हा घालू नका, आणि तळमजल्याच्या खालच्या खणात तर नकोच. २६ जुलै २००५ पाहिलेल्या ठाणेकरांना याचं कारण सांगायला नको.

जमल्यास मेअखेरपर्यंत आणा. पाऊस सुरू झाला असेल तर पिशवी घेऊन निघू नका, फोन करा. खोके घेऊन आम्हीच कॉलेजात येऊ.