नाण्यावरची पळी

दक्षिण भारतात जमिनीतून रोमन चांदीच्या नाण्यांचे जे साठे निघाले, त्यांत दोन नाणी पुन्हा पुन्हा भेटतात. एक सम्राट टायबेरियसचं, दुसरं त्याच्या आधीच्या सम्राटाचं, ऑगस्टसचं. ऑगस्टसच्या नाण्याच्या मागच्या बाजूला टोगा हे रोमन नागरिकांचं वस्त्र पांघरलेले दोन तरुण उभे आहेत, दोघांच्या मध्ये दोन ढाली आणि दोन भाले. वर उरलेल्या चिमूटभर जागेत दोन बारीक वस्तू कोरल्या आहेत. नाणं सगळं मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, त्यामुळे भिंग लागतं. पण देवघर पाहिलेल्या मराठी माणसाला त्यातली एक वस्तू पाहताक्षणी कळते. ती पळी आहे. दुसरी म्हणजे टोकाशी आकडीसारखी वळलेली आखूड काठी.

हे दोन तरुण म्हणजे ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस नेमलं होतं. पळी गायसची, काठी लुसियसची. पण युवराजांच्या नाण्यावर पूजेची उपकरणी कशाला? याचं उत्तर शोधायला सुमारे सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. मग लक्षात येतं की या वस्तूंचा भक्तीशी संबंध बेताचाच आहे. त्या पदाच्या खुणा आहेत, आणि तेही अशा पदाच्या, जे एकदा मिळालं की मरेपर्यंत कुणी काढून घेत नसे.

आधी वस्तूंची ओळख करून घेऊ. पळीला अभ्यासक सिम्पुलम म्हणतात. देवाला वाइन वाहताना ती मोठ्या भांड्यातून थोडी थोडी काढायची, ती हिनेच. पॉन्टिफेक्स नावाच्या पुरोहितांची ही खूण. त्यांचं मंडळ धर्मशास्त्र, पंचांग आणि यज्ञविधी सांभाळायचं. तिच्याबरोबर पुष्कळदा बळीची कुऱ्हाड असते, सुरा असतो, पाणी शिंपडायचा केसांचा कुंचला असतो आणि अपेक्स नावाची टोपी असते. या टोपीच्या टोकावर ऑलिव्हच्या लाकडाचा लोकर गुंडाळलेला खुंट असे. टोपीचं प्रकरण गमतीचं वाटलं तरी गंभीर होतं. यज्ञ चालू असताना डोक्यावरून टोपी घसरली, एवढ्यावरून सुल्पिसियस नावाच्या पुरोहिताचं पद गेलं, अशी नोंद जुन्या लेखकांनी केली आहे. म्हणजे काढून घेता न येणारी पदंही टोपीमुळे जाऊ शकत.

आकडी काठीचं नाव लिट्युअस. ती ऑगर म्हणजे शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची. लिव्ही या रोमन इतिहासकाराने रोमच्या नुमा राजाच्या निवडीचं वर्णन केलं आहे, त्यात ऑगर राजाच्या डाव्या हाताला बसतो, हातात गाठ नसलेली वाकडी काठी घेतो आणि तिने आकाशाचे भाग आखतो. त्या आखलेल्या भागात पक्षी कुठून येतात, वीज कुठे चमकते, हे पाहून देवांची संमती आहे की नाही ते ठरायचं. रोमचा संस्थापक मानल्या गेलेल्या रोम्युलसची स्वतःची काठी एका आगीत आजूबाजूचं सगळं जळूनही शाबूत राहिली, असं रोमन सांगत, आणि स्वतः ऑगर असलेल्या सिसेरोने ती गोष्ट नोंदवून ठेवली आहे. काठीच्या शेजारी बहुतेक वेळा एक चंबू असतो. तो नेमका कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नावांचंही तसंच. या उपकरण्यांची आज रूढ असलेली काही नावं मुळात नंतरच्या अभ्यासकांची आहेत, आणि एकाच नाण्यावरच्या भांड्याला एक पळी म्हणतो तर दुसरा पेला.

या वस्तू नाण्यावर आल्या त्या घराण्याच्या अभिमानातून. रोममध्ये नाणी पाडायचं काम तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. राजकारणातली ती पहिली पायरी. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत नाण्यांवरची चित्रं ठरलेली होती. मग हे तरुण आपापल्या पूर्वजांची कामं त्यावर कोरू लागले. इ.स.पू. १३५ च्या सुमारास मिन्युसियस ऑगुरिनस याने आपल्या घराण्याच्या सन्मानाचा स्तंभ नाण्यावर आणला, आणि त्याच्या एका बाजूला हातात लिट्युअस घेतलेला माणूस उभा केला. आडनावातच ऑगर असल्यावर काठी दाखवायचा मोह कसा आवरणार? इथवर हे आपल्याकडच्या वाड्याच्या दिंडीदरवाजावरच्या मानचिन्हासारखंच आहे.

पुढे एक कायदा झाला आणि पुरोहितपदाची चव बदलली. इ.स.पू. १०४ पर्यंत पुरोहित-मंडळं रिकामी जागा आपणच भरत. डोमिशियसच्या कायद्याने ती निवड रोमन नागरिकांच्या १७ मतदार-टोळ्यांकडे गेली. पुढे सैन्याच्या बळावर हुकूमशहा झालेल्या सुलाने तो कायदा रद्द केला आणि इ.स.पू. ६३ मध्ये लाबिएनसने परत आणला. त्याच वर्षी मुख्य पुरोहिताची, म्हणजे पॉन्टिफेक्स मॅक्सिमसची जागा रिकामी झाली. समोर दोन ज्येष्ठ, वजनदार उमेदवार होते, तरी डोक्यापर्यंत कर्जात बुडालेला सीझर उभा राहिला. मतदानाच्या सकाळी त्याने आईला सांगितलं की आज तुझा मुलगा मुख्य पुरोहित होईल नाहीतर परागंदा होईल, असं प्लुटार्क लिहितो. सीझर निवडून आला.

त्यानंतर चौदा वर्षांनी, इ.स.पू. ४९ मध्ये त्याने सैन्यासह इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडली. सेनेटच्या दृष्टीने तो आता बंडखोर होता. प्रांताचा अधिकार संपला म्हणून जाहीर झालेलं, सैन्य बाळगायचा हक्क वादात. पण सैन्याला पगार तर द्यायचा होता. सॅटर्नच्या देवळातला सरकारी खजिना त्याने विरोध करणाऱ्या ट्रिब्यूनला, म्हणजे लोकप्रतिनिधी अधिकाऱ्याला, धमकावून उघडला. मुख्य पुरोहिताने देवळातला पैसा उचलावा, यातला विनोद त्या काळच्या लोकांनाही कळला असेल. याच सुमाराला त्याच्या छावणीबरोबर फिरणाऱ्या टाकसाळीतून प्रचंड संख्येने देनारियस नावाची चांदीची नाणी बाहेर पडली. आपला दीनार हा शब्द याच देनारियसवरून संस्कृतात आला. समोरच्या बाजूला हत्ती सापासारख्या काहीतरी प्राण्याला तुडवतो आहे आणि खाली फक्त ‘सीझर’. हत्तीचा अर्थ काय, यावर तर्क पुष्कळ झाले आहेत, ते सोडून देऊ. मागची बाजू पाहा: पळी, कुंचला, कुऱ्हाड, टोपी. एक अक्षर नाही.

एवढी मोठी पदं भूषवलेल्या माणसाने यातलं एकच का निवडलं? मला यात हिशेब दिसतो. कॉन्सल हे राज्यातलं सर्वोच्च पद वर्षाचं असतं, प्रांत मुदतीचा असतो, सेनापतीपण सेनेट नाकारू शकते. मुख्य पुरोहितपद मात्र तहहयात, तेही मतदानाने मिळालेलं. त्या महिन्यांत सीझरकडे शत्रूलाही नाकारता येणार नाही असं हेच एक पद होतं. त्या टोपीची एक उपकथाही आहे. सीझर पोरसवदा असताना त्याचं नाव ज्युपिटरच्या खास पुरोहितपदासाठी पुढे आलं होतं. ही टोपी घातल्याशिवाय त्या पुरोहिताला घराबाहेर पडता येत नसे. शिवाय त्याने घोड्यावर बसायचं नाही, शस्त्र घेतलेलं सैन्य पाहायचं नाही. सुलाच्या काळात ते पद हातचं गेलं. ते मिळालं असतं तर गॉलची, म्हणजे आजच्या फ्रान्सची, स्वारी कुणी दुसऱ्याने केली असती.

ही युक्ती सीझरने शोधलेली नव्हती. सुला स्वतः इ.स.पू. ८४-८३ मध्ये रोममधल्या विरोधकांच्या लेखी देशद्रोही होता. पूर्वेतून सैन्य घेऊन परतताना त्याने पाडलेल्या नाण्यांवर दोन विजयस्तंभांच्या मध्ये चंबू आणि लिट्युअस आहेत, भोवती ‘दुसऱ्यांदा इम्परेटर’, म्हणजे विजयी सेनापती, असा मजकूर. तेव्हा सुला ऑगर होता का, यावर वाद आहे. पण देवांची संमती माझ्याकडे आहे, हा दावा स्वच्छ आहे.

सीझरच्या खुनानंतर हे पेव फुटलंच. इ.स.पू. ४३ मध्ये सीझरच्या बाजूचे अँटनी आणि लेपिडस यांनी मिळून पाडलेल्या नाण्यावर एका बाजूला अँटनीची लिट्युअस, चंबू आणि एक कावळा आहे, कारण तो ऑगर होता. दुसऱ्या बाजूला लेपिडसची पळी, कुंचला, कुऱ्हाड आणि टोपी. ही चौकडी थेट सीझरच्या हत्तीच्या नाण्यावरून उचललेली, कारण सीझरनंतर मुख्य पुरोहित लेपिडस झाला होता. आणि पलीकडच्या, सीझरच्या मारेकऱ्यांच्या गोटात? ब्रूटसनेही तेच केलं. तो पॉन्टिफेक्स होता, त्याचा सहकारी लेंट्युलस स्पिंथर ऑगर होता. त्यांच्या नाण्यावर एकीकडे ब्रूटसच्या नावासह कुऱ्हाड, पळी आणि सुरा, दुसरीकडे स्पिंथरच्या नावासह चंबू आणि लिट्युअस. मुख्य पुरोहिताला सुऱ्यांनी भोसकणाऱ्या माणसाने नाण्यावर यज्ञाचा सुरा कोरावा, हे पाहून मी प्रत्येक वेळी थबकतो. ब्रूटसच्या मनात तसं काही नसेलही, पॉन्टिफेक्सच्या उपकरण्यांत सुरा असतोच. पण त्याच सुमाराच्या त्याच्या दुसऱ्या नाण्यावर दोन खंजीर आणि मार्चच्या मध्याची, म्हणजे सीझरच्या खुनाची तारीख आहे, त्यामुळे शंका जात नाही.

पद खरोखर किती अढळ होतं, याचा पुरावा लेपिडसच आहे. इ.स.पू. ३६ मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगस्टसने, त्याचं सैन्य काढून घेतलं, सत्ता काढून घेतली आणि त्याला किनाऱ्यावरच्या सिर्कीला नजरकैदेत ठेवलं. मुख्य पुरोहितपद मात्र काढलं नाही. लेपिडस मरेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि इ.स.पू. १२ मध्ये, ६ मार्चला, ते पद घेतलं. आपल्या कारकिर्दीच्या वृत्तान्तात त्याने हा संयम आवर्जून नोंदवला आहे. अर्थात चोवीस वर्षं कैदेत ठेवलेल्या माणसाबद्दलचा तो संयम आहे, हेही लक्षात ठेवावं.

तोपर्यंत ऑगस्टसने बाकीची मंडळं एकेक करून आपल्याकडे ओढली होती. इ.स.पू. १६ मध्ये अँटिस्टियस व्हेटस या टाकसाळ-अधिकाऱ्याने त्याचं एक नाणं काढलं. त्यावर चार वस्तू आहेत: पळी, लिट्युअस, तिवई आणि पाटेरा. पळी पॉन्टिफेक्सची, काठी ऑगरची. तिवई अपोलोची, म्हणून सिबिल या भविष्य सांगणाऱ्या स्त्रीचे ग्रंथ सांभाळणाऱ्या पंधरा जणांच्या मंडळाची. आणि ताम्हणासारखी उथळ पाटेरा देवांच्या मेजवान्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सातांच्या मंडळाची. रोमची चार मोठी पुरोहित-मंडळं, चार खुणा, एक माणूस. गणराज्याच्या काळात एका माणसाने यातली दोन पदं मिळवली तरी चर्चा व्हायची.

इथे या चित्रांचा जीव गेला असं मला वाटतं. ज्याच्याकडे सगळंच आहे, त्याने दावा सांगायचा कुणासमोर? खुणा राहिल्या, पण त्यांचं काम बदललं. गायस आणि लुसियस यांच्या डोक्यावरची पळी आणि काठी हा युवराजांचा शिक्का आहे. लुसियस इ.स. २ मध्ये वारला आणि गायस इ.स. ४ मध्ये. नाणी त्यांच्यामागे समुद्र ओलांडून मिरीच्या व्यापारात आली. टायबेरियसचं जे नाणं त्यांच्याबरोबर सापडतं, त्याच्या मागे बसलेली स्त्री आहे आणि दोनच शब्द: पॉन्टिफेक्स मॅक्सिमस. म्हणजे भारतात सर्वांत जास्त आलेल्या दोन्ही रोमन नाण्यांवर पुरोहितपदाचाच मजकूर, एकावर चित्रात आणि दुसऱ्यावर अक्षरांत. इथल्या व्यापाऱ्याने चांदी तोलली असेल. मराठवाड्यातल्या तेरसारख्या सातवाहनकालीन गावात रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदकं सापडली आहेत, ओवायला कान असलेली. म्हणजे नाण्याचं रूप तरी लोकांना आवडलं होतं.

जुडियात, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या ज्यूंच्या प्रदेशात, हेच चित्र वेगळ्या डोळ्यांपुढे आलं. तिथला रोमन अधिकारी पॉन्टियस पायलेट याने इ.स. २९ ते ३१ दरम्यान काढलेल्या छोट्या तांब्याच्या नाण्यांपैकी एकावर पळी आहे आणि दुसऱ्यावर लिट्युअस. ज्यू प्रजेच्या हातात परक्या दैवतांची उपकरणी ठेवणं हा खोडसाळपणा होता की निव्वळ बेफिकिरी, यावर अजून वाद चालतो. मला बेफिकिरीच खरी वाटते. तोवर रोमन अधिकाऱ्यांच्या नजरेला ही चित्रं सरकारी मोहोरेइतकी सवयीची झाली होती.

युवराजांच्या बाबतीत तर तो रिवाजच पडला. नीरो तेरा वर्षांचा असताना, इ.स. ५१ मध्ये, त्याला चारही मंडळांत ठरलेल्या संख्येबाहेर घेतलं गेलं आणि नाण्यावर चारही वस्तूंसह सेनेटचा तो ठरावच छापला. व्हेस्पेशियनने ‘ऑगर’ या शब्दासह चार उपकरणी काढली, कारण यादवीतून गादीवर आलेल्या नव्या घराण्याला जुनी चिन्हं हवी होती. इ.स. १४० नंतर तरुण मार्कस ऑरेलियसच्या नाण्यावर त्यांना नवं शीर्षक मिळालं: पिएतास, म्हणजे देवांविषयी आणि थोरांविषयी निष्ठा. पुढे शंभर वर्षं हेच. बाप सम्राट झाला की मुलाच्या नाण्यावर पिएतास आणि पाच भांडी. त्यातली बरीच मुलं लवकर मारली गेली. मॅक्सिमिनसचा मुलगा मॅक्सिमस २३८ मध्ये बापाबरोबर, व्हॅलेरियनचा नातू सॅलोनिनस २६० मध्ये कोलोनमध्ये. तहहयात पदाचा आता एवढाच अर्थ उरला होता.

नाण्यातली चांदीही तोवर आटली होती. गॉलमध्ये फुटून निघालेल्या राज्याचा सम्राट टेट्रिकस याने आपल्या पोराच्या नावाने, त्याचंही नाव टेट्रिकसच, पिएतासची नाणी काढली. तांब्यावर चांदीचा नुसता हात फिरवलेली. २७४ मध्ये ऑरेलियनने दोघांना हरवलं आणि विजययात्रेत फिरवलं, पण जिवंत ठेवलं. त्या सुमारास सुट्या पैशांची इतकी टंचाई होती की गॉल आणि ब्रिटनमध्ये लोकांनी घरोघर नकली नाणी पाडली, आणि छोट्या टेट्रिकसचं हे चित्र नकलेसाठी फार आवडतं होतं. ब्रिटनच्या शेतांतून ती आजही निघतात, काही नखाएवढी. ठसे कोरणाऱ्याने पळी किंवा लिट्युअस कधी पाहिली नसावी. मधला चंबू बहुतेक वेळा ओळखू येतो, कारण चंबू सगळ्यांच्याच घरी असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या रेघा आहेत, एखादी टोकाशी थोडी वाकलेली.