आधी मोड, मग पोट: स्टार्च फोडणाऱ्या विकरांची पार्श्वभूमी

पचनाच्या गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं, तर बारीक अक्षरांत बऱ्याचदा ‘फंगल डायस्टेज’ छापलेलं दिसतं. बुरशीपासून काढलेलं हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्च फोडतं. वडापावात बटाटाही स्टार्चचा आणि पावही, तेव्हा मुंबईत त्याला गिऱ्हाईक कमी नाही. गंमत अशी, की डायस्टेज पहिल्यांदा हाती आलं ते पोटातून नव्हे, मोड आलेल्या धान्यातून.

नेपोलियनच्या युद्धांत युरोपात साखरेची टंचाई झाली. सेंट पीटर्सबर्गच्या किर्खहोफने १८११ मध्ये स्टार्च सौम्य आम्लात उकळून गोड पाक काढला. पुढच्या काही वर्षांत धान्यातलाच एक घटक आम्लाशिवाय हे काम करतो, हेही त्याने दाखवलं. १८३३ मध्ये फ्रान्सच्या पायेन आणि पर्सो यांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कात अल्कोहोल ओतलं. तळाशी पांढरा साका बसला. चिमूटभर साक्याने स्टार्चची घट्ट खळ पाण्यासारखी व्हायची. तोच उकळला की मात्र निकामी. ग्रीक भाषेत ‘वेगळं करणं’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला डायस्टेज नाव पडलं. अमायलेज (डायस्टेजचंच आजचं नाव), माल्टेज, लॅक्टेज या विकरांच्या नावातलं ‘-एज’ हे शेपूट तिथलंच.

लाळेचा गुण १८३१ मध्येच जर्मनीच्या लॉयक्सने नोंदवला होता. आपण शाळेत केलेला प्रयोग तोच: पेजेवर आयोडीनचा थेंब टाकला की निळं-काळं, आणि लाळ घालून थोडा वेळ ठेवलेल्या पेजेत रंगच येत नाही. (परीक्षानळीत थुंकायला आधी कुणीच पुढे होत नसे.) लाळेतलं अमायलेज जठरातल्या आम्लात थंडावतं. उरलेलं बरंचसं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज करतं, आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं शेवटी ग्लुकोज सुटं करतात. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडात अमायलेज गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे भरपेट जेवणावर ही गोळी घेणं मला तरी सवयीचा भाग वाटतो.

गोळीतलं ‘फंगल’ जपानी. जोकिची ताकामिने यांनी कोजीची बुरशी (जपानात साके दारूसाठी वापरतात ती) गव्हाच्या कोंड्यावर वाढवून १८९४ मध्ये अमेरिकेत डायस्टेजचं पेटंट घेतलं, आणि ‘टाका-डायस्टेज’ औषध म्हणून खपू लागलं.

गिरणगावाचाही या विकराशी संबंध आहे. मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून सायझिंग खात्यात त्याला स्टार्चची खळ देतात. विणून झाल्यावर ती काढल्याशिवाय कापडावर रंग नीट चढत नाही. पूर्वी कापड भिजवून कुजत ठेवत, नाहीतर आम्लात घालत. त्यात धागा कमकुवत होण्याची भीती असे. पुढे जगभरच्या कापडधंद्यात त्यासाठी माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, आणि मग जिवाणूंपासून काढलेलं अमायलेज आलं. घरी पेजेची खळ देऊन साडी कडक करणाऱ्यांना ती नुसत्या पाण्याने लवकर सुटत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दादरच्या दुकानांतलं मोड आलेल्या नाचणीचं सत्त्वही याच घराण्यातलं. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं. ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या पोषणतज्ज्ञांनी बाळांच्या आहारासाठी त्याचा अभ्यास केला. घट्ट लापशी थोडी निवल्यावर, पण गरम असतानाच, तिच्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळून पाहा. काही मिनिटांत ती चमच्यावरून धार लागण्याइतकी सैल होते, आणि वरून पाणी घालावं लागत नाही, म्हणून बाळाच्या वाटीत पीठ जास्त मावतं.