टीव्ही ट्रान्समीटरची पॅलेट नेताय? आधी ड्राइव्हचे बघा

जुन्या टीव्ही ट्रान्समीटरमधली पॅलेट, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारी अॅम्प्लिफायरची पाटी, आम्ही हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी जुळवून विकतो. निपाणी, खानापूर, चंदगडकडच्या हॅम मंडळींचा फोन ठरलेला असतो : "साहेब, पॅलेट एकदा चालली आणि गप्प झाली." ड्राइव्ह, म्हणजे पॅलेटच्या आत जाणारा सिग्नल, कशाने दिला, हा आमचा पहिला प्रश्न. उत्तरही ठरलेले : वॉकीने, म्हणजे हातातल्या वॉकीटॉकी सेटने, थेट.

हिशेब बघा. आमच्या व्हीएचएफ पॅलेटचा गेन, म्हणजे ताकदीची वाढ, २० डीबी, म्हणजे १०० पट. १५० वॅटच्या पॅलेटला दीड वॅट पुरतो. हातातला सेट देतो ५ वॅट. पीटीटी (बोलायचे बटण) दाबली की ट्रान्झिस्टरचा गेट (सिग्नल आत घेणारे टोक) जातो, हीटसिंक कोमट व्हायच्या आत. तिथे पंखा कितीही मोठा असून उपयोग नाही. "लो पॉवरवरच ठेवला होता" असेही सांगतात, पण खिशातून काढताना बटण कधी फिरले ते कुणाला कळते?

सेट आणि पॅलेटच्या मध्ये ६ डीबीचा पॅड, म्हणजे ताकद पाव करणारा रेझिस्टरचा तुकडा, लावा. ५ वॅटचे सव्वा वॅट होतात, उरलेले पावणेचार पॅड तापवण्यात जातात. म्हणून पॅड किमान १० वॅटचा घ्या. पाव वॅटच्या रेझिस्टरचा घरी जोडलेला पॅड आम्ही वासावरूनच ओळखतो.

परत आलेली पॅलेट तुमच्यासमोरच तपासतो. बायसची (गेटला व्होल्टेज देणारी) वायर सोडवायची, मल्टिमीटरची एक पिन गेटवर, दुसरी बॉडीवर. चांगला गेट काहीच दाखवत नाही, गेलेला दोन-चार ओहम दाखवतो. त्यावर वॉरंटी नाही. येताना कुंदा आणलात तर खाऊ, पण ट्रान्झिस्टरचे पैसे पडतीलच.

दुसरी तक्रार वॅटची. "मूळ लेबलवर २०० आहे, तुम्ही १२० का लिहिता?" अॅनलॉग टीव्हीचे वॅट सिंकच्या टोकावर, म्हणजे चित्राच्या ओळी जुळवणाऱ्या पल्सच्या क्षणभराच्या कमाल ताकदीवर, मोजायचे. पडदा पूर्ण काळा असतानाही सरासरी जेमतेम ६० टक्के भरायची. एफएमवर तुम्ही बोलता तोवर कॅरिअर (मूळ रेडिओ लहर) पूर्ण ताकदीने चालू असतो. सतत जेवढे झेपेल तेवढेच आम्ही लिहितो.

भंगारात हाच माल स्वस्त मिळतो, मान्य. दूरदर्शनचे अॅनलॉग ट्रान्समीटर, मोजके सोडले तर, २०२२ पर्यंत बंद झाले; माल निघणारच. पण त्या पॅलेट ५ ते १२ नंबरच्या चॅनलसाठी, म्हणजे १७४ ते २३० मेगाहर्ट्झसाठी जुळवलेल्या असतात. हॅमच्या १४४-१४६ मेगाहर्ट्झवर तशाच चालवल्या तर वॅट कमी आणि ताप जास्त. इनपुट-आउटपुटचे मॅचिंग, म्हणजे ही जुळवणी, आम्ही बदलून देतो. शिवाय मूळ फिल्टर ट्रान्समीटरच्या कपाटात वेगळा असायचा, पॅलेटवर नसतो. १४५ ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची नको असलेली लहर) ४३५ वर पडते, म्हणजे आपल्याच ४३४-४३८ च्या बँडमध्ये. म्हणून अशा वरच्या लहरी अडवणाऱ्या लो-पास फिल्टरशिवाय आम्ही पॅलेट विकत नाही, कुणी कितीही घासाघीस केली तरी.

जुन्या ट्रान्झिस्टरचा पांढरा सिरॅमिक भाग कानस लावून घासू नका, फोडू नका. त्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

परवान्याची झेरॉक्स घेतल्याशिवाय माल देत नाही. किती वॅट चालवायचे ते तुमच्या परवान्याच्या ग्रेडच्या मर्यादेप्रमाणे. पॅड, फिल्टर आणि ५० ओहमचा डमी लोड (चाचणीला अँटेनाऐवजी जोडायचा) काउंटरवरच मिळतो. येताना आपला सेट आणि त्याची केबल घेऊन या, जोडून, मीटरवर दाखवूनच देतो.