चामखिळीला मूळ नसतं

पुतण्याच्या मोबाइलनं त्याचा अंगठा ओळखायचं बंद केलं, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणाचं तरी त्या अंगठ्याकडं लक्ष गेलं. पेराच्या बरोबर मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा खरखरीत उंचवटा. "दोन-तीन महिने झाले असतील, दुखत नाही," इतकीच त्याची माहिती. तालमीत वस्तादांनी हात उलटापालटा करून बघितला आणि निकाल दिला, "चामखीळ हाय. मुळासकट काढल्याबिगर जायची न्हाई."

मग घरात ज्याचा त्याचा उपाय सुरू झाला. आमच्या आईनं सांगितलं, रंकाळ्यावरच्या घोडेवाल्याकडनं शेपटीचा एक केस आण आणि गच्च बांध. शेजारच्या काकूंचा भरवसा खायचा चुना आणि धुण्याच्या सोड्यावर. आजऱ्याच्या मामांनी फोनवरूनच ठणकावलं, "काजूच्या टरफलाचं तेल लाव, एका दिवसात जळून जातंय." उपाय तीन, पण तिन्हींच्या पोटात समजूत एकच: चामखिळीला मूळ असतं आणि ते उपटलं किंवा जाळलं पाहिजे.

मूळ नसतंच. एवढं पटलं की घरी काय करावं आणि काय करू नये, यातला निम्मा गोंधळ मिटतो.

आधी घोड्याच्या केसाचं बघू, कारण तो उपाय अगदीच बिनबुडाचा नाही. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावानं हाक मारतो. मानेवर, काखेत, पापणीजवळ देठाला लोंबणारी मऊ कातडी असते, तिलाही चामखीळच म्हणतात. तिच्यात बहुधा विषाणूबिषाणू काही नसतो. देठ असल्यामुळं केस बांधला की रक्त तुटतं आणि ती वाळून पडते. जखम चिघळायची भीती असते, पण तत्त्व बरोबर आहे. अंगठ्यावरच्या खरखरीत चामखिळीला मात्र देठच नाही. केस बांधणार कशाला?

ही खरखरीत जात विषाणूमुळं येते. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. १९०७ साली ज्युसेप्पे च्युफ्फो या इटालियन डॉक्टरनं चामखीळ वाटली, तिचा अर्क जिवाणूही पार होणार नाहीत अशा बारीक गाळणीतून गाळला आणि तो त्वचेत टोचला. काही महिन्यांनी तिथं चामखिळी उगवल्या. हा प्रयोग त्यानं स्वतःच्याच हातावर केला होता. पुढं या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार सापडले. हाताच्या चामखिळीत २, ४, २७, ५७ असे प्रकार आढळतात, तळपायाला १ नंबरचाही असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेले १६ आणि १८ हे त्याच गोतावळ्यातले, पण घर वेगळं. 'एचपीव्ही' शब्द ऐकून धसका घेणारे बरेच भेटतात म्हणून सांगतो: हातावरच्या साध्या चामखिळीतून तो कर्करोग होत नाही. आणि मुलींना देतात ती एचपीव्हीची लस या हातापायावरच्या प्रकारांसाठी बनवलेली नाही.

हा विषाणू धडधाकट त्वचेतून आत शिरत नाही. त्याला ओरखडा लागतो, नखाजवळची सोललेली कातडी लागते, नाहीतर पाण्यात भिजून मऊ पडलेली त्वचा. तालीम, पोहण्याचा तलाव, एकमेकांचा टॉवेल, न्हाणीघरात घरभर फिरणारी ती एकच वज्री, अशा वाटांनी तो येतो. त्याच्यावर चरबीचं वेष्टन नसतं, त्यामुळं शरीराबाहेरही बराच काळ तग धरतो. लागण झाल्यावर चामखीळ दिसायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे 'कुणाकडनं आली' याचा शोध घेण्यात अर्थ नसतो.

आता खोलीचा हिशोब. आपली बाह्यत्वचा अंगावर बहुतेक ठिकाणी वहीच्या कागदाइतकीच जाड असते. तळहात-तळपायाला ती जाड होते, पण तीही फार तर दीडेक मिलिमीटर. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि गळून पडतात. या प्रवासाला महिना-सव्वा महिना लागतो. विषाणू तळाच्या पेशीत शिरतो आणि पेशीबरोबर वर सरकत राहतो. स्वतःच्या हजारो प्रती तो अगदी वरच्या थरात जुळवतो आणि मेलेल्या कातडीबरोबर बाहेर पडतो. पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, दाह करत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांची गस्त खालच्या थरात, हा माळ्यावर बसलेला. म्हणून चामखीळ महिनोन्‌महिने राहते आणि ताप सोडाच, बहुधा साधी खाजही येत नाही.

या बाह्यत्वचेच्या खाली चामखीळ जातच नाही. तिचा तळ गुळगुळीत असतो. वरून कापलं की जे काळे ठिपके दिसतात आणि ज्यांना लोक 'मुळं' म्हणतात, त्या बारीक रक्तवाहिन्या. चामखिळीकडं वर ओढल्या गेलेल्या आणि आत रक्त गोठलेल्या.

हे ठिपके मी स्वतः फार जवळून बघितलेत, आणि चुकीच्या कारणानं. काही वर्षांपूर्वी माझ्या टाचेला 'कुरूप' झालं. नव्या कोल्हापुरी चपलेला दोष दिला आणि दर रविवारी दाढीच्या ब्लेडनं वरची कातडी तासायला लागलो. काळे ठिपके दिसले तेव्हा वाटलं, काटा मोडलाय. सेफ्टी पिननं उकरलं, भळाभळा रक्त आलं. दोन महिन्यांत एकाच्या शेजारी दोन बारके उगवले. कुरूप कधी पिल्लं घालत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. कातडी कापून मी विषाणूला स्वतःच्या हातानं वाट करून दिली होती. खरं तर ओळख सोपी आहे. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की दुखते. कुरपावरून तळपायाच्या रेषा सरळ पुढं जातात, चामखिळीशी येऊन त्या थांबतात आणि वळसा घालतात. पुतण्याचा मोबाइल उघडत नव्हता तो याच कारणानं.

चुना आणि सोडा एकत्र ओला केला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, तोच जो तुंबलेल्या मोऱ्यांसाठी वापरतात. तो चामखीळ नक्कीच जाळतो, पण बाह्यत्वचा कुठं संपते हे त्याला कळत नाही. बिब्ब्याचंही तेच. त्याचा चटका कुठवर पसरेल, याचा नेम नाही. खालचा थर जळाला की व्रण राहतो. नसलेल्या मुळाच्या शोधात असलेली कातडी गमवायची, असा हा व्यवहार.

मामांच्या काजूचं प्रकरण मात्र मला फार आवडतं. आजरा-चंदगडकडं काजूचं पीक मोठं. टरफलातलं ते काळपट तेल हातावर उडालं की कातडी कशी सोलते, हे बिया फोडणाऱ्या बायकांना विचारावं. या तेलात सगळ्यात जास्त असतं ॲनाकार्डिक आम्ल. त्याच्या रेणूचं चित्र काढलं, तर ते म्हणजे सॅलिसिलिक आम्लच, मागं पंधरा कार्बनची लांब शेपटी लावलेलं. आणि सॅलिसिलिक आम्ल हेच चामखिळीवरचं घरी वापरता येणारं सगळ्यात तपासलेलं औषध! मामांचा नेम भावकीपर्यंत बरोबर गेला, घर तेवढं चुकलं. कारण त्याच तेलात कार्डॉलही असतं, त्यानं फोड येतात, आणि किती टक्के काय आहे हे टरफलावर लिहिलेलं नसतं. मामांना हे सांगितलं. "म्हंजे आमचंच बराबर की," एवढाच त्यांनी अर्थ काढला.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बारक्या बाटलीत सॅलिसिलिक आम्ल बहुधा १७ टक्क्यांच्या आसपास असतं, बऱ्याचदा जोडीला लॅक्टिक आम्ल. ते विषाणूला मारत नाही. मेलेल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा सांधा ते सैल करतं, म्हणून थर सुटत जातात. शिवाय त्वचेला हलकासा दाह होतो आणि खाली गस्त घालणाऱ्यांना माळ्यावर काहीतरी चाललंय याची खबर लागते, असं मानतात. एका चामखिळीवर औषध लावलं आणि न लावलेल्याही गेल्या, असं कधीकधी घडतं ते त्यामुळंच असावं.

पुतण्याला रोज रात्रीचा क्रम घालून दिला. कोमट पाण्यात पाच मिनिटं अंगठा. पुसून खरकागदाच्या नखाएवढ्या तुकड्यानं वरची पांढरी पडलेली कातडी घासायची, रक्त येण्याआधी थांबायचं, तुकडा कचऱ्यात. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन. मग टूथपिकच्या टोकानं चामखिळीवरच एक थेंब. वाळला की डिंकासारखा पांढरा पापुद्रा धरतो. वर चिकटपट्टी. बाटलीला स्पिरिटसारखा उग्र वास येतो, कारण आतला द्रव भराभर उडणारा आणि पेट घेणारा असतो. हा कार्यक्रम गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या समईपुढं करू नये. झणझणलं, लाल झालं, तर दोन-तीन दिवस सुट्टी. आणि हे सगळं बारा आठवडे.

बारा आठवडे ऐकून त्याचा चेहरा पडला. यात औषध दुकानांचा आणि इंटरनेटचाही दोष आहे, सगळे आठवड्यात निकाल सांगतात. खरे आकडे फार नम्र आहेत. २०१२ साली वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ८५ चाचण्या तपासल्या. सॅलिसिलिक आम्ल नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरलं, पण थोडंच. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत १३ आठवड्यांनंतर साध्या चामखिळी गेल्या त्या अशा: द्रवरूप नायट्रोजननं गोठवलेल्यांपैकी ४९ टक्क्यांच्या, सॅलिसिलिक आम्लवाल्यांपैकी १५ टक्क्यांच्या आणि काहीच न केलेल्यांपैकी ८ टक्क्यांच्या. तळपायाच्या चामखिळींवर इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये चाचणी झाली, तिथं गोठवणं आणि आम्ल दोन्ही १४ टक्क्यांवर बरोबरीत सुटले.

आणि चिकटपट्टी? २००२ मध्ये अमेरिकेतल्या ५१ जणांच्या चाचणीत नुसती जाड सेलोटेपसारखी डक्ट टेप लावून ८५ टक्के चामखिळी गेल्याची बातमी जगभर गाजली. पुढं २००६ आणि २००७ मध्ये जास्त लोकांवर पुन्हा करून बघितलं, तर टेपचा म्हणावा असा फायदा दिसेना. लहान मुलांच्या चामखिळींपैकी साधारण दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात. जाणार ते जातंच, श्रेय मात्र त्या आठवड्यात जे काही बांधलं असेल त्याला मिळतं. घोड्याचा केस पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे तो याच उधारीवर.

त्यामुळं लहान मुलाच्या न दुखणाऱ्या चामखिळीला काहीही न करणं हाही उपायच आहे. काही जागी तर घरचं आम्ल लावूच नये: चेहरा, गुप्तांग, तीळ, जन्मखूण. आणि मधुमेह असलेल्यांनी पायाला तर अजिबात नाही. साखर कारखान्यांच्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे जरा मोठ्यानं सांगायला हवं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर आम्लानं कधी खड्डा पडला ते कळतही नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उगवलेली, भराभर वाढणारी, आपोआप रक्त येणारी, नाहीतर अंगभर एकदम फुटलेली गाठ असेल, तर ती चामखीळ आहे असं गृहीत न धरता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. त्यांच्याकडं गोठवण्याखेरीजही युक्त्या आहेत. गोवर-गालगुंड-रुबेलावरची एमएमआर लस थेट चामखिळीत टोचतात, किंवा रुग्णाच्याच चामखिळीचा कण त्याच्या दंडाच्या वा हाताच्या कातडीखाली पेरतात. माळ्यावरचा चोर उचलून गस्तवाल्यांच्या पुढ्यात टाकायचा, म्हणजे ते बाकीचेही शोधून काढतात.

पुतण्यानं तिसऱ्या आठवड्यात कंटाळा केला, पाचव्यात जास्त घासून अंगठा सुजवून घेतला आणि चार दिवस कुस्ती बुडवली. वस्ताद वैतागले. दहाव्या आठवड्यात उंचवटा सपाट झाला. तो म्हणाला, गेली. मी भिंग आणून बघितलं, मध्ये दोन काळे ठिपके होते. अजून नाही. तेराव्या आठवड्यात ठिपके दिसेनात आणि अंगठ्याच्या रेषा, ज्या तिथं येऊन वळसा घालत होत्या, त्या मधून सरळ गेलेल्या दिसल्या. ठशाची नक्षी बाह्यत्वचेच्या तळाशी ठरते, आणि तिथवर आम्ल पोचलंच नव्हतं. त्यानं मोबाइल उचलला, अंगठा टेकवला. उघडला.