पाय बधिर झाला म्हणजे रक्त थांबले असे नव्हे

रात्री पायाला मुंग्या येऊन जाग आली की ‘रक्त थांबलं असेल, पाय उशीवर उंच ठेव’ असा सल्ला घरोघरी मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीवर उभा असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित खाली, हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. त्याला वळसा घालून जाणारा मज्जातंतू तेथे जवळजवळ कातडीलगत असल्याने पायावर पाय टाकून झोपल्यास तोच दाबला जातो आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो. अशा वेळी पाऊल सहसा कोमटच असते (हात लावून पाहावे), आणि कूस बदलल्यावर काही मिनिटांत संवेदना परतते.

दोन्ही तळव्यांत रोज रात्री आग आणि बधिरपणा असेल, तर मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ची कमतरता अधिक आढळते, आणि तेल चोळून ती भरून निघत नाही. कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल, तर मूळ बहुधा मणक्यात असते.

पायाला रक्त पोहोचवणाऱ्या रोहिण्या खरोखरच अरुंद झालेल्यांना मात्र पलंगाखाली पाय सोडल्यावर आराम पडतो. म्हणजे तेथे तर उशी दुखणे वाढवते. जांघेतली संवेदना गेली किंवा लघवी अडली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.